मेण लावलेला दोरा

मेस्त्री: काका, चष्मा तुमच्या नाकावर आहे.

अप्पा: हा लांबचा. मी वाचायचा शोधतोय.

मेस्त्री: वाचायचा खिशात आहे. दांडी बाहेर आलीय त्याची.

अप्पा: अरे. हो की.

मेस्त्री: मग आता बाहेर या. या वयात डॅशबोर्डखाली मुंडकं घालून बसलात आणि कंबर धरली, तर तुमची लेक मला धरेल. आधीच माझ्यावर खार खाऊन आहे. "चार वेळा बोलावलं, मेस्त्री, आणि चारही वेळा तुम्हाला काही सापडलं नाही."

अप्पा: येतो. एक मिनिट. इथे हाताला काहीतरी लागतंय.

मेस्त्री: काय लागतंय?

अप्पा: काही नाही. नाणं असेल.

मेस्त्री: नाणं खाली पडतं, काका. तुमचा हात डाव्या पॅनेलच्या मागे गेलाय. मीच उघडून ठेवलंय ते शनिवारी. तिथे चष्मा जात नाही आणि नाणंही जात नाही.

अप्पा: मला वाटलं, घसरलं असेल.

मेस्त्री: वर? या, या स्टुलावर बसा. पाणी घ्या. घाम बघा केवढा आलाय तुम्हाला. एकटेच आलात का?

अप्पा: बसने आलो. ती पाचला येणार आहे, ऑफिसातून परस्पर. म्हटलं, तोवर आपण बसावं. काम कुठवर आलंय बघावं.

मेस्त्री: बरं केलंत. मलाही तुमच्याशी बोलायचंच होतं. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतात ना?

अप्पा: कोणी सांगितलं?

मेस्त्री: ताईच म्हणाल्या मागे. "आमचे अप्पा चौतीस वर्षं तारांमध्येच होते, पण गाडीतलं त्यांना काही कळत नाही."

अप्पा: बरोबर आहे. गाडीतलं वेगळं असतं.

मेस्त्री: ही माझी वही. कुठल्या गाडीला कधी काय झालं ते यात लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात कालवाकालव होते. ही तुमची गाडी. तुमच्या बिल्डिंगखालच्या टेलरमास्तरांकडून जुनी घेतली, पहिले दोन महिने कुरकुर नाही. मग बॅटरी उतरली. ती खरंच उतरली होती, जुनी झाली होती, मी बदलली. त्यानंतर पंधरा दिवसांनी हॉर्न. सकाळी सातला वाजायला लागला तो थांबेचना.

अप्पा: हो. फार वाजला तो.

मेस्त्री: अख्खी बिल्डिंग गॅलरीत आली म्हणे. पुढच्या आठवड्यात वायपर. ऊन रणरणतंय आणि वायपर आपले इकडून तिकडे. आणि मग गाडीने एकच खोड धरली. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. ताई मला फोन करतात, मी हातातलं काम टाकून येतो, किल्ली फिरवतो आणि गाडी शहाण्या बाळासारखी सुरू. माझं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

अप्पा: संपर्क ढिला असला की होतं असं.

मेस्त्री: होतं. पण काल जेवताना वही चाळत होतो, तर एक गंमत दिसली. ही गाडी रविवारी कधी बंद पडलेली नाही. सुट्टीच्या दिवशी नाही. तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं त्या दिवशी नाही. फक्त ऑफिसच्या सकाळी. गाडीला वार कळतो का हो, काका?

अप्पा: योगायोग असेल.

मेस्त्री: असेल. आता दुसरी गंमत दाखवतो. हा टॉर्च धरा, इकडे मारा उजेड. शनिवारी हे पाहिलं तेव्हा मी पुढे गेलो. मला वाटलं, कंपनीचीच बांधणी. वायरींचा जुडगा बघा कसा सरळ, वर मरून रंगाच्या दोऱ्याच्या गाठी, एकीसारखी दुसरी. आम्ही लोक टेप गुंडाळतो आणि हात झटकतो. आज सकाळी मीटर लावला तेव्हा कळलं. पेट्रोलच्या पंपाला जाणारी वायर मधेच कापलीय. तिथे ही पितळेची पिन बसवलीय. पिन ओढली की पंप मेला, खोचली की जिवंत. दोन बोटांचं काम. आणि कोणाच्या नजरेला येऊ नये म्हणून वरून हा दोरा.

अप्पा: त्यासाठी नाही.

मेस्त्री: मग कशासाठी?

अप्पा: म्हणजे, मला काय माहीत. पण वायर लोंबती ठेवू नये. घासते, कातडं जातं.

मेस्त्री: तेही खरं. ज्याने कोणी केलंय त्याचा हात चांगला आहे, नाव ठेवायला जागा नाही. एवढंच की ही शेवटची गाठ जरा सैल वाटते.

अप्पा: सैल असणं शक्य नाही.

मेस्त्री: आणि अंतर बघा, असं पाऊण पाऊण इंचावर...

अप्पा: पाऊण नाही. अर्धा. सरळ भागात अर्धा इंच, वळणावर पाव. पाऊण इंचावर शिकाऊ माणूस बांधतो. आमच्याकडे पाऊण इंच दिसला की साहेब सगळं उसवायला लावायचे.

मेस्त्री: काका.

अप्पा: मी आपलं सर्वसाधारण सांगतोय.

मेस्त्री: काका, माझ्याकडे बघा.

अप्पा: नाही बघवत, मेस्त्री.

मेस्त्री: बरं, नका बघू. दार लोटून घेऊ का?

अप्पा: असू दे. उघडंच असू दे.

मेस्त्री: मी कोणाला बोललेलो नाही. सकाळी मीटरचा काटा हलला तेव्हा मला वाटलं, चोरीचं भय म्हणून कोणी बसवलं असेल. आत्ता तुमचा हात न चाचपडता तिथे गेला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पण का? पोरगी एवढी धडपड करून गाडी घेते...

अप्पा: गाडी नव्हती तेव्हा तिचं ऑफिस जवळ होतं. दुपारी जेवायला घरी यायची. गाडी आली आणि तिने लांबची शाखा घेतली. पद मोठं आहे, घ्यायलाच हवं होतं. मीच म्हणालो, घे. आता सकाळी सव्वासातला जाते, साडेआठला येते. आल्यावर बोलायचं त्राण नसतं तिला.

मेस्त्री: आणि तुम्ही दिवसभर एकटे.

अप्पा: तिची आई गेल्यापासून एकटाच आहे. त्याची सवय आहे. नाही, खोटं कशाला बोलू. सवय नाही झाली.

मेस्त्री: हं.

अप्पा: बॅटरी उतरली त्या दिवशी ती घरी राहिली. टेबलावर बसून घरूनच काम केलं. दुपारी आम्ही समोरासमोर बसून जेवलो. चारला पत्ते काढले. तीन डाव हरली आणि चिडली, नाक फुगवून. दहा वर्षांची असताना चिडायची, अगदी तशी. संध्याकाळी तुम्ही नवी बॅटरी बसवलीत आणि मला, मेस्त्री, वाईट वाटलं. गाडी दुरुस्त झाली म्हणून मला वाईट वाटलं.

मेस्त्री: म्हणून हॉर्न.

अप्पा: हॉर्न चुकून. एक्स्चेंजमधले वायरींचे रंग मला पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारा. गाडीत तेच रंग, पण कामं निराळी. वायपरही चुकून. पंप तिसऱ्या खेपेला सापडला.

मेस्त्री: मी यायच्या आत खाली उतरून पिन खोचायचात?

अप्पा: ती गॅलरीतून तुमची वाट बघायची. मी म्हणायचो, खाली थांबतो, मेस्त्रींना गाडी दाखवतो. उशीर झालेलाच असायचा तोवर. मग ती म्हणायची, आज आता राहू दे. तेवढ्यासाठी. रोज नाही करायचो मी. पंधरा दिवसांतून एकदा. फार तर आठवड्यातून.

मेस्त्री: आणि मागच्या मंगळवारी?

अप्पा: मंगळवारी नाही. देवाशपथ नाही. म्हणजे पिन काढली होती, पण ती खाली आली आणि म्हणाली, अप्पा, आज मोठी मीटिंग आहे, आज पोचले नाही तर गेलंच सगळं. मला लाज वाटली. म्हटलं, थांब, काचेला फडकं मारतो. आणि वाकून पिन खोचून टाकली. ती गेली. गेली ना व्यवस्थित. येताना कुठेतरी जरा थांबली गाडी, कोणीतरी मैत्रिणीने सोडलं घरी.

मेस्त्री: असं सांगितलं तुम्हाला?

अप्पा: हो. का?

मेस्त्री: मला ताकीद आहे न सांगण्याची. पण आता न सांगून कसं चालेल. येताना नाही, जाताना. पिन पुरती बसली नव्हती, काका. उड्डाणपुलाच्या जोडावर धक्का बसला आणि निघाली. मधल्या पट्ट्यात गाडी मेली, मागे मालाचा ट्रक. त्याने ब्रेक मारला तो हातभर अंतरावर थांबला. मी पोचलो तेव्हा ताई कठड्याला टेकून उभ्या होत्या. पाण्याची बाटली उघडता येत नव्हती त्यांना. म्हणाल्या, "मेस्त्री, अप्पांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. त्यांना झोप लागणार नाही."

अप्पा: हातभर?

मेस्त्री: पाणी प्या. प्या आधी.

अप्पा: पिन नीट खोचली की कट्ट असा आवाज येतो. मला तो आला नव्हता. घाईत वाटलं, रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकू आला नसेल. चौतीस वर्षांत आवाज आल्याशिवाय मी कधी हात काढला नाही.

मेस्त्री: झालं ते झालं. टळलं ना.

अप्पा: आणि ती टेलरमास्तरांवर जळफळत होती ते यासाठी. मला वाटलं, एवढं काय, गाडी सुरू होत नाही म्हणून माणसाला फसव्या म्हणायचं? पण तिने मरण बघितलं होतं. मी विचारलंसुद्धा नाही तिला की तुझा चेहरा असा का.

मेस्त्री: ताईंनी बिल्डिंगच्या फलकावर कागद लावलाय म्हणे.

अप्पा: जिन्यापाशी. लाल शाईने. "तळमजल्यावरच्या दुकानदाराने दोष लपवून गाडी विकली." खाली सही. आज साडेसहाला बिल्डिंगची मीटिंग आहे. मास्तरांच्या दुकानाचा करार या महिन्यात संपतो, पुढे द्यायचा की नाही ते आज ठरणार. म्हणून तर तिला तुमचं पत्र हवंय. सगळ्यांसमोर वाचून दाखवायला.

मेस्त्री: सव्वीस वर्षांचं दुकान ना?

अप्पा: सत्तावीस.

मेस्त्री: मग काय लिहू, काका?

अप्पा: तुम्ही... तुम्ही असं नाही का लिहू शकणार, की वायर जुनी होती, बदलली?

मेस्त्री: लिहू शकतो. पेन माझ्या खिशातच आहे. सांगा तुम्ही, मी उतरवतो.

अप्पा: लिहा. सदर गाडीची तपासणी केली असता...

मेस्त्री: केली असता.

अप्पा: पेट्रोल पंपाची वायर जीर्ण झाल्याचं आढळलं. हा दोष... हा दोष...

मेस्त्री: कोणाच्या काळातला?

अप्पा: आधीच्या मालकाच्या काळातला...

मेस्त्री: काळातला. पुढे? आणि दोऱ्याचं काय लिहू? तो मरून दोरा?

अप्पा: दोऱ्याचं काही लिहू नका.

मेस्त्री: बरं. आणला कुठून होता? असा पक्का दोरा हल्ली मिळत नाही.

अप्पा: मास्तरांनीच दिला.

मेस्त्री: कोणी?

अप्पा: टेलरमास्तरांनी. एक्स्चेंजचा मेणाचा दोरा माझ्याकडचा कधीच संपला. मी दुकानात गेलो, म्हटलं, पुस्तकांच्या पाठी शिवायच्यात, जाड दोरा आहे का. त्यांनी शाळेच्या दप्तरांना वापरतात ते रीळ काढलं. नीट दिसत नाही आता त्यांना, बोटांनी चाचपून काढलं. म्हणाले, मेण पण घेऊन जा, त्याशिवाय गाठ धरत नाही. स्वतःच्या हाताने दोऱ्याला मेण ओढून दिलं.

मेस्त्री: थांबा, काका. टेलरमास्तर काल इथे...

(बाहेरचं फाटक वाजतं. अप्पांची लेक घाईने आत येते.)

लेक: अप्पा? तुम्ही इथे कसे? बसने आलात? एवढ्या उन्हात? मेस्त्री, सापडलं का काही? आणि आज नाही म्हणू नका, मला साडेसहाला मीटिंगला उभं राहायचंय.

मेस्त्री: सापडलं, ताई.

लेक: मग लिहिलंत? द्या इकडे. "वायर जीर्ण झाल्याचं... आधीच्या मालकाच्या काळातला..." अर्धंच आहे हे. पूर्ण करा की. सही, तारीख, शिक्का असेल तर शिक्का.

अप्पा: ते मी सांगितलेलं आहे. ते खोटं आहे.

लेक: काय?

अप्पा: मी सांगतो, तू बस.

लेक: मी बसत नाही. काय झालंय? तुम्हाला बरं वाटत नाहीये का?

अप्पा: गाडीत दोष नाही. नव्हता. मी करायचो.

लेक: काय करायचात?

अप्पा: पिन काढायचो. ही इथे आहे, बघ. तू अंघोळीला गेलीस की खाली उतरायचो. तू घरी राहावीस म्हणून.

लेक: मेस्त्री, हे काय बोलतायत?

मेस्त्री: बघा तुम्हीच. हा जुडगा.

लेक: ही गाठ... माझ्या दप्तराचा पट्टा तुटला होता चौथीत, तेव्हा तुम्ही अशीच बांधून दिली होती. मुली हसल्या होत्या, आणि तो पट्टा कॉलेजपर्यंत तुटला नाही.

अप्पा: हो.

लेक: बॅटरीसुद्धा तुम्हीच?

अप्पा: नाही. ती खरी गेली होती. तू हरलीस पत्त्यांत त्या दिवशी.

लेक: आणि मंगळवारी?

अप्पा: मंगळवारी परत खोचली होती. नीट बसली नाही. मेस्त्रींनी सांगितलं मला. त्यांना बोलू नकोस, मी ऐकणारच होतो कुठून तरी.

लेक: तो ट्रक दिसला ना आरशात, अप्पा, तेव्हा माझ्या मनात काय आलं माहितीय? आई नाही, कोणी नाही. एवढंच आलं, की आता अप्पांना हे कोण सांगणार.

अप्पा: असं बोलू नकोस.

लेक: तुम्ही नुसतं म्हणाला असतात. एकदा म्हणायचं, आज जाऊ नकोस. मी रजा टाकली असती.

अप्पा: म्हणायची लाज वाटली.

लेक: आणि हे करायची नाही वाटली?

अप्पा: दर वेळी वाटली. म्हणून तर नीट बांधायचो.

लेक: त्याचा काय संबंध?

अप्पा: मलाही नाही सांगता येणार. हात खोटं काम करत होते, तर निदान गाठ तरी बरी असावी.

लेक: मी त्या माणसाला चोर म्हटलं, अप्पा. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना. ते माप घेत होते. फीत हातातच राहिली त्यांच्या. मी वर येऊन तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात.

अप्पा: वर्तमानपत्र धरलं होतं. वाचत नव्हतो.

लेक: काय बोलू मी तुम्हाला?

अप्पा: बोल. काय हवं ते बोल.

लेक: मेस्त्री, गाडी चालेल का आता?

मेस्त्री: आत्ता पिन काढून वायर पक्की जोडून देतो, पाच मिनिटांचं काम. उद्यापासून गाडीची तक्रार आली तर धंदा सोडून देईन.

अप्पा: तो कागद फाडा, मेस्त्री. नवीन घ्या. मी सांगतो तसं लिहा. वायर कापलेली होती, कोणी कापली, माझं पूर्ण नाव, माझं आधीचं खातं. मीटिंगमध्ये मी वाचेन.

लेक: तुम्ही वाचणार? सगळ्यांसमोर?

अप्पा: तू लाल शाईने लिहिलंस ते सगळ्यांनी वाचलं. हेही सगळ्यांना कळू दे.

लेक: आधी टेलरकाकांकडे जायला हवं. मीटिंगच्या आधी. त्यांना हे चारचौघांत कळता कामा नये.

अप्पा: मी जाईन. तू गाडीत थांब.

लेक: नाही. मीही येईन. पण तुमच्या मागून येईन, माझी माफी वेगळी आहे.

मेस्त्री: ताई, काका, दोघंही जरा ऐका माझं. मघाशी बोलत होतो तेव्हा राहिलं. काल टेलरमास्तर इथे आले होते.

लेक: इथे? ते तर रस्ता ओलांडायला घाबरतात.

मेस्त्री: कोणाचा तरी हात धरून आले होते. म्हणाले, "अकरा वर्षं चालवली मी गाडी, माझ्याकडून काही राहिलंय का, मला दाखवा." म्हटलं, मास्तर, तुम्हाला दिसणार नाही. म्हणाले, बोटांना दिसतं. म्हणून इथे बसवलं त्यांना, त्याच सीटवर. पॅनेलच्या मागे हात घातला. वायरींवरून बोटं फिरवली. दोऱ्यापाशी थांबली. दोरा दोन बोटांत धरून त्यावरचं मेण नखाने खरवडून पाहिलं.

लेक: मग?

मेस्त्री: मग म्हणाले, "राहू दे, मेस्त्री. माझ्याचकडून झालं असेल. तसंच लिहून द्या त्या पोरीला." मी म्हटलं, अहो, दुकान जाईल तुमचं. तर म्हणाले, "डोळे गेलेच आहेत, दुकान किती दिवस पुरणार. म्हातारपणी माणसाला लेकीसमोर मान खाली घालायला लावू नये." मला वाटलं, स्वतःबद्दलच बोलतायत.

लेक: त्यांना तर मुलगी नाही.

मेस्त्री: ते मला आत्ता कळतंय.

लेक: अप्पा? अप्पा, काय झालं? बोला ना.

अप्पा: आज सकाळी भेटले होते. मी बसला निघालो तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसले होते. पावलांवरून ओळखलं मला.

लेक: काय म्हणाले?

अप्पा: म्हणाले, "दोरा पुरला का, अप्पा?" मी हो म्हणून पुढे निघून आलो.